धाकट्याचा रिटर्न, दादाचा मोबाईल

"यंदा आयकराचा रिटर्न मी स्वतः भरणार," धाकट्याने जेवता जेवता जाहीर केलं. "कुणाच्या बापाची मदत लागणार नाही."

"तुमचा दोघांचा बाप एकच होता," बायको म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

हे दोघे म्हणजे धाकटा आणि त्याचा दादा. धाकटा म्हणून कुणी कोवळा पोरगा समजू नये. पन्नाशी दारात येऊन उभी होती, गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर वाढत होता. पण घरात थोरला धडधाकट असेपर्यंत धाकट्याची धाकटेपणातून सुटका नसते. जन्मभर तो दादाच्या शिलाई मशीनच्या दुकानात मागच्या टेबलावर मशीनं दुरुस्त करत आला होता. मशीन दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि कागद भरताना मात्र कुणीतरी हात धरल्याशिवाय त्याचं चालत नव्हतं. तो हात अर्थातच दादाचा.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्याला सहज विचारलं, "तुम्ही स्वतःचं दुकान का नाही टाकत?" त्यावर दादा गल्ल्यावरून म्हणाला, "त्याला काय विचारता? त्याचं सगळं मीच बघतो." दादा बोलला ते प्रेमाने. धाकट्याच्या ते काळजात रुतलं. त्याच संध्याकाळी हत्यारांची पेटी उचलून तो बाहेर पडला, दोन गल्ल्या पलीकडे खोपटाएवढी जागा भाड्याने घेतली आणि दादाशी बोलणं बंद केलं.

आता बोलणं बंद करायचं तर माणसं निदान दूर राहायला हवीत. हे दोघे राहत एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत. दारं दिवसभर उघडी. ह्या घरात कुणी शिंकलं की त्या घरात कळायचं. दोघींचं, म्हणजे जावाजावांचं, उत्तम चालू होतं. आई सकाळी इकडे, दुपारी तिकडे. आणि भावांचे निरोप जायचे ते आईमार्फत. "आई, त्यांना सांग, पाण्याची मोटर चालू राहिलीये," असं धाकटा मोठ्याने म्हणायचा. दादाला ते स्वच्छ ऐकू जायचं. तरी आई काठी टेकत तिकडे जाऊन सांगेपर्यंत दादा हलायचा नाही. टाकी वाहिली तरी बेहत्तर, पण रीत मोडायची नाही.

तर असा हा धाकटा आणि त्याचा पहिला रिटर्न. त्या रिटर्नवर बरंच काही टांगलेलं होतं. तयार कपड्यांच्या एका कारखान्यातल्या सगळ्या मशीनच्या देखभालीचं काम त्याला मिळत आलं होतं. पण तिथला मॅनेजर म्हणाला होता, "रिटर्न भरल्याची पावती उद्या सकाळी आणून दाखवा. नाहीतर दुसरा माणूस रांगेत उभा आहे." हे काम मिळालं तर धाकटा खऱ्या अर्थाने स्वतःच्या पायावर उभा राहणार होता. नाही मिळालं तर पेटी उचलून पुन्हा दादाच्या मागच्या टेबलावर. दादा काही बोलला नसता, नुसती सरकून त्याने जागा करून दिली असती, आणि तेच धाकट्याला सहन होणार नव्हतं.

आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख होती आज. अशी कामं शेवटच्या दिवशी करायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते आपोआप येतं.

मुलीचा जुना लॅपटॉप त्याने टेबलावर मांडला. चष्मा पुसला. आयकराच्या साइटवर त्याच्या नावाचं खातं होतं; दादाच्या हिशेबनिसाने कधीकाळी उघडून ठेवलेलं आणि मग सगळ्यांच्या विस्मरणात गेलेलं. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. नवा पासवर्ड हवा असेल तर मोबाईलवर ओटीपी पाठवतो, असं साइट म्हणाली. पाठव तर मग, म्हणत धाकट्याने बटण दाबलं, आपला मोबाईल समोर ठेवला आणि त्याच्याकडे टक लावून बसला.

मोबाईल गप्प. आणि समोरच्या घरातून, दोन्ही उघड्या दारांतून, 'टिंग' असा आवाज आला.

धाकट्याने पडद्यावर पाहिलं. ओटीपी ज्या नंबरवर गेला त्याचे शेवटचे आकडे साइटने दाखवले होते. ते आकडे त्याला झोपेतही पाठ होते. दादाचा नंबर. धाकट्याने डोळे मिटून घेतले. आपली स्वतंत्र माणूस म्हणून नोंद व्हावी म्हणून तो बसला होता, आणि सरकार म्हणत होतं, आधी दादाला विचारून या.

"अगं, तू जरा समोर जाऊन येतेस?" त्याने बायकोला विचारलं.

"मी नाही. त्या दारातून ह्या दारात कागदाचा कपटाही यायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. भाजीची वाटी चालेल म्हणालात. ओटीपी वाटीत घालून मिळत असेल तर आणते."

बायको धुणं वाळत घालायला गच्चीवर निघून गेली. वहिनी बहिणीकडे गेली होती. राहिली आई, अजून तिकडे न गेलेली.

"आई, त्यांना सांग, त्यांच्या मोबाईलवर माझा ओटीपी आलाय. सहा आकडे आहेत. तेवढे दे म्हणावं. पटकन, दहा मिनिटांत बाद होतो तो."

"असं तोडून कसं सांगू?" आई म्हणाली. "थोरला भाऊ आहे तुझा. जरा गोडीने घ्यावं."

आईचं उठणं म्हणजे एक कार्यक्रम असतो. आधी गुडघ्यांना हात लावून त्यांची परवानगी, मग काठी, मग चपला, मग एक चप्पल उलटी पडलेली. ती समोर पोहोचेपर्यंत धाकट्याने पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ तीनदा बघितली. मग तिचा आवाज ऐकू आला.

"अरे, धाकटा म्हणतोय, झालं गेलं विसरून जाऊ."

धाकट्याने कपाळाला हात लावला.

"असं म्हणाला तो?" दादाच्या आवाजात नवल होतं.

"म्हणजे, तसंच काहीसं. त्याला तुझ्या मोबाईलमधलं काहीतरी हवंय."

"हां, काम निघालं म्हणून झालं गेलं विसरायचं होय? सांग त्याला, स्वतःचा मोबाईल वापर म्हणावं."

आई परत आली, खुर्चीत टेकली, दम घेतला. "दादा म्हणतो, तब्येतीला जप."

तोवर ओटीपी बाद झाला होता. धाकट्याने दुसरा मागवला. समोर टिंग झालं. ह्या वेळी त्याने आईला नीट समजावलं, कारखान्याचं काम सांगितलं, मॅनेजर सांगितला, रांगेत उभा असलेला तो दुसरा माणूस सांगितला. आईला तो दुसरा माणूस फारच खटकला. ती तरातरा गेली, म्हणजे तिच्या मानाने तरातरा, आणि काय बोलली कुणास ठाऊक, पण चक्क दादाचा मोबाईलच घेऊन आली.

"घे. त्यातून काय काढायचं ते काढ आणि परत दे. त्याला गिऱ्हाइकांचे फोन येतात."

धाकट्याने मोबाईल हातात घेतला आणि तो बंद झाला. उघडायला अंगठा लागत होता. धाकट्याने स्वतःचा अंगठा लावून पाहिला, मग आईचा लावून पाहिला. एकाच रक्ताची माणसं, पण मोबाईलला त्याचं काही नव्हतं. अंगठा त्या घरात, मोबाईल ह्या घरात, आणि मधे आईचे गुडघे.

तेवढ्यात त्या मोबाईलवर फोन आला. धाकट्याने जन्मभराच्या सवयीने तो उचलला. "हां, बोला बाई. झालंय, झालंय. संध्याकाळी या, मशीन तयार आहे." फोन ठेवला आणि मग त्याच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

समोरून दादाचा आवाज आला. "आई, त्याला सांग, त्या बाईंचं मशीन मी अजून उघडलंसुद्धा नाहीये."

आईने इमानेइतबारे सांगितलं. "त्या बाईंचं मशीन त्याने अजून उघडलंसुद्धा नाहीये."

"ऐकलं," धाकटा म्हणाला.

दुसरा ओटीपीही गेला. साइटवर आता लाल अक्षरांत एक ओळ आली होती: आणखी दोनदाच प्रयत्न करता येईल, त्यानंतर उद्या. उद्याला काही अर्थ नव्हता. धाकट्याला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. मशीनमध्ये दोरा गुंतला तर निदान दिसतो तरी, कात्री लावता येते. इथे सगळं एका टिंगवर येऊन अडलं होतं.

"आई, हे शेवटचं," तो म्हणाला. "मोबाईल त्याला दे. तिथेच उभी राहा. तो आकडे वाचेल, तू पाठ कर, आणि सरळ इकडे ये. मधे काही बोलू नकोस. कुणाला तब्येतीचं सांगू नकोस."

आई गेली. टिंग झालं. दादाने मेसेज वाचून दाखवला. दादाची वाचायची पद्धत अशी की एकदा वाचायला घेतलं की वरपासून खालपर्यंत वाचायचं. सहा आकडे वाचून तो थांबला नाही, पुढेही वाचत राहिला. आई आली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"सांग," धाकटा म्हणाला.

आईने मान हलवली.

"विसरलीस?"

"विसरले नाही. पण सांगणार नाही."

"का?"

"मेसेजात लिहिलंय, हा क्रमांक कुणालाही सांगू नका. दादाने वाचला. आणि आमच्या ज्येष्ठांच्या बैठकीत बँकेची मुलगी आली होती, तिनेही हेच सांगितलं. म्हणाली, आजी, पोटच्या पोरालाही सांगायचा नाही. माझ्याकडून वदवून घेतलंन."

"अगं पण तो माझाच आहे."

"फसवणारेही असंच म्हणतात, म्हणाली."

धाकटा आईकडे बघत राहिला. आई भिंतीकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात सहा आकडे होते आणि त्या आकड्यांमागे एक कारखाना होता. त्याने विनवलं, हात जोडले, स्वतःचं ओळखपत्र काढून दाखवलं. आईने ते हातात घेऊन फोटो निरखला आणि म्हणाली, "किती बारीक होतास तू." घड्याळाने दहा मिनिटं खाल्ली आणि तिसराही ओटीपी गेला.

आता एकच उरला होता.

धाकट्याने लॅपटॉप उचलला, त्याची वायर गळ्यात टाकली आणि तो उंबऱ्याबाहेर पडला. मधली जागा हातभर, पण दोन वर्षांत त्याने ती ओलांडली नव्हती. समोर दादा खुर्चीत बसला होता. पोट जरा सुटलं होतं, मिशी पांढरी झाली होती. रोज जिन्यात दिसणारा माणूस, पण जिन्यात कोण कुणाकडे बघतं? काय बोलायचं हे धाकट्याने ठरवलं नव्हतं. मनातल्या मनात रचून ठेवलेली कितीतरी वाक्यं होती, एकाहून एक झणझणीत. त्यातलं एकही आलं नाही.

"ओटीपी," तो म्हणाला.

"बस," दादा म्हणाला.

धाकट्याने बटण दाबलं. टिंग. दादाने मोबाईल हात लांब करून धरला आणि सहा आकडे वाचले, सावकाश, एकेक करून. खातं उघडलं. कुठे काही कोसळलं नाही.

"एवढंच होतं?" दादाने विचारलं.

"एवढंच."

"मग हा मेसेजही नेहमीसारखा आलाच होता की माझ्याकडे. आईला कशाला पळवलंस?"

"नेहमीसारखा म्हणजे?"

दादाने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं तो दुकानात हिशेब चुकल्यावर पाहायचा. "तुझे मेसेज येतातच की माझ्याकडे. दोन वर्षं येतायत. तुझा चष्मा तयार आहे. तुझं पार्सल निघालंय. तुझ्या बँकेत अमुक जमा झालं. दाताच्या डॉक्टरकडे तुझी वेळ आहे. तू गेला नाहीस त्या दिवशी. तसाही मेसेज आला."

धाकट्याने दाढेवरून जीभ फिरवली. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजाडलं. चष्मेवाल्याने अर्ज पुढे केला होता, नंबर लिहा म्हणून. बँकेने केला होता. दातवाल्याने केला होता. आणि दरवेळी त्याच्या हाताने तोच नंबर लिहिला होता, दुकानाच्या पाटीवर होता तो. जगात पाठ असलेला तेवढा एकच नंबर. स्वतःचा नंबर त्याला पाठ नव्हता. स्वतःला कोण फोन करतं?

"मला वाटलं, तू मुद्दाम देतोस," दादा म्हणाला.

"मुद्दाम कशाला?"

"बोलायचं तर नाही, पण दादाला कळत राहावं. म्हणून." दादाने मिशीवरून हात फिरवला. "मी म्हटलं, बरा मार्ग काढलाय पठ्ठ्याने. ते पार्सल तुम्ही घरी नव्हतात तेव्हा परत निघालं होतं. मी खाली जाऊन घेतलं आणि आईच्या हाती दिलं. आणि एक महिना तुझ्या बँकेत काहीच जमा झालं नाही, तेव्हा मी दोन मशीनवाल्यांना तुझ्या दुकानाचा पत्ता दिला."

त्या दोन मशीनवाल्यांनी धाकट्याचा तो महिना तारला होता. त्याला वाटलं होतं, आपल्या कामाचं नाव पसरतंय. खरं म्हणजे त्याला राग यायला हवा होता. यायचा म्हणून त्याने जरा वाटही पाहिली. पण त्याला नुसतं भरून आलं, इतकं की लॅपटॉपवरची अक्षरं दिसेनात.

"दाढ दुखते का अजून?" दादाने विचारलं.

"थांबली."

"थांबत नसते. दबा धरून बसते. बरं, तो रिटर्न भर आधी."

धाकट्याने लॅपटॉप दादाकडे सरकवला. "तू सांग कसा भरायचा ते. तुझा दरवर्षी असतो."

दादाने पडदा पाहिला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पाहिला. "हे मी कधी भरलेलं नाही," तो म्हणाला. "हिशेबनीस भरतो. मी सही करतो."

"आणि जन्मभर मला सांगत आलास, तुला कागदाचं कळत नाही म्हणून?"

"तुला कळत नाही हे खरंच होतं. मला कळतं, असं मी कधी म्हणालो?"

मग दोघे भाऊ एका लॅपटॉपवर वाकून बसले. व्यवसाय कोणता, असं साइटने विचारलं आणि एक लांबलचक यादी उघडली. शिलाई मशीन दुरुस्ती तिच्यात नव्हती. दोघांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली, आणि शेवटी 'इतर' निवडलं. सगळं आयुष्य घालवून सरकारदरबारी आपण 'इतर', याचं धाकट्याला वाईट वाटलं. दादा म्हणाला, "मीही 'इतर'च असेन. हिशेबनिसाने कधी सांगितलं नाही, एवढंच." एकदा साइट अडकली. एकदा वायर निघाली. एकदा धाकट्याने जन्मतारखेत दादाची तारीख घातली, तीही सवयीनेच. आई दारात खुर्ची टाकून बसली होती आणि मधूनमधून विचारत होती, "भांडताय का?" दोघे एकदम म्हणत, "नाही." आणि पुन्हा भांडत.

मधेच त्या मशीनवाल्या बाईंचा फोन आला, निघाले म्हणून. दादाने त्यांना उद्या यायला सांगितलं आणि मोबाईल ठेवून म्हणाला, "शब्द तू दिलायस. मशीन तूच बघ."

"बघतो," धाकटा म्हणाला.

शेवटी पुन्हा ओटीपी मागितला गेला, रिटर्न खरा असल्याची खात्री म्हणून. टिंग झालं न झालं तोच दादाने आकडे वाचलेही. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि पावती आली. वर धाकट्याचं पूर्ण नाव होतं. ते नाव त्याने दोनदा वाचलं. कारखान्यातला तो रांगेतला दुसरा माणूस आता उभाच राहणार होता.

आता उठून घरी जायचं. पण धाकट्याला काम कसं चोख करायची सवय. मशीन परत देतानाही तो तेलाचा शेवटचा थेंब पुसून देतो.

"एक करतो," तो म्हणाला. "तो नंबर बदलून माझा घालून टाकतो. म्हणजे तुला पुढे त्रास नको."

दादा मोबाईलची काच सदऱ्याला पुसत राहिला.

"माझा नंबर काय आहे?" धाकट्याने खिसे चाचपले. त्याचा मोबाईल घरी राहिला होता.

दादाने न बघता नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे, एका दमात.

धाकट्याने तो भरला. नंबर बदलायचा असेल तर जुन्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका, असं साइट म्हणाली. टिंग. दादाने मोबाईल उचलला. हात लांब करून मेसेज बघितला, वरपासून खालपर्यंत. मग मोबाईल मांडीवर पालथा ठेवला.

"सांग," धाकटा म्हणाला.

"आला नाही."

"आत्ता वाजला की."

"ती जाहिरात होती."

धाकट्याने पुन्हा पाठवला. पुन्हा टिंग झालं. दादा खिडकीबाहेर बघत होता. मांडीवरचा मोबाईल त्याने उचललासुद्धा नाही, वर हात तेवढा ठेवला, उडून जाऊ नये असा.

"आला नाही," तो म्हणाला.

धाकट्याने दादाच्या हाताकडे पाहिलं. मग लॅपटॉप हळूच मिटला.

"रेंज नसेल," तो म्हणाला.

"कुठची रेंज?" दादा म्हणाला. "सकाळपासूनच नाहीये."